पहिलीपासून दीड शेर

पाहुणे येणार म्हटलं की इंदुताईंच्या अंगात वारं भरायचं. जामबागेतल्या ज्या भाड्याच्या घरात त्या जन्मल्या त्याच घरात अजून राहत होत्या, हाकेच्या अंतरावरच्या ज्या मुलींच्या शाळेत शिकल्या त्याच शाळेत सोळा वर्षं शिकवत होत्या, आणि हैदराबाद शहर आपल्याच वडिलांनी वसवलं अशा थाटात ते पाहुण्यांना दाखवत होत्या. मूलबाळ नव्हतं. शाळेतल्या पोरी होत्या. येत्या जूनपासून मुख्याध्यापिकेची खुर्ची मिळायची होती आणि त्या खुर्चीवर आपला जीव आहे हे त्या कुणालाही न लाजता सांगत.

साल होतं छप्पन. निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. एक नोव्हेंबरला मराठी जिल्हे मुंबई राज्यात जाणार, कानडी म्हैसुरात, आणि हैदराबाद आंध्रात. सरकारी नोकरांनी कुठं राहायचं याचे कागद आधीच भरून झाले होते आणि जामबागेतल्या मराठी घरांत त्यावाचून दुसरा विषय नव्हता. कुणी ट्रंका बांधत होतं, कुणी डोळे पुसत होतं. इंदुताई मात्र निर्धास्त होत्या. त्यांचे यजमान मुकुंदराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी कागद भरला त्याच संध्याकाळी इंदुताईंनी विचारलं होतं, "इथंच लिहिलंत ना?" आणि मुकुंदराव चपला काढता काढता म्हणाले होते, "हो." अठरा वर्षांच्या संसारात हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. निदान पकडला तरी गेला नव्हता.

मुकुंदराव मूळचे नांदेडकडचे, शेतकऱ्याघरचे. नोकरीसाठी हैदराबादेत आले, लग्न झालं, आणि सासऱ्यांच्या घरात चार दिवस म्हणून राहिले ते राहिलेच. सासरे वारून सहा वर्षं झाली तरी घरभाड्याची पावती अजून त्यांच्याच नावानं फाटत होती. गल्लीत मुकुंदरावांना कुणी मुकुंदराव म्हणत नसे. सगळे म्हणत, मास्तरीणबाईंचे यजमान. ते हसून साजरं करत. निदान इंदुताईंना तसं वाटे.

तर ऑक्टोबरात शाळेला सुट्टी लागली आणि मुकुंदरावांचे कॉलेजातले दोस्त अप्पाराव बायकोला घेऊन आठ दिवसांसाठी आले. अप्पाराव घरचे तेलुगू, पण तीन पिढ्या नांदेडात गेलेल्या. त्यांची मराठी इंदुताईंपेक्षा ठसकेबाज. पोटानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. पत्नी पद्मावती किडकिडीत, टपोऱ्या डोळ्यांची, आणि प्रश्न विचारण्यात वकिलाला मागे सारणारी. पोरांना आजीपाशी ठेवून दोघंच आले होते.

इंदुताईंनी परीक्षेच्या जुन्या कागदाच्या पाठीवर कार्यक्रम लिहूनच ठेवला होता. चारमिनार, लाडबाजार, गोवळकोंडा, हुसेनसागरचा बांध, बागे-आमचा बगीचा. चहा होताच त्यांनी तो वाचून दाखवला.

"चारमिनार काय पळून जायलाय का, इंदुताई?" पद्मावती म्हणाली. "ते मागून बघू. आधी सांगा, तुमच्या नळाला पाणी कधी येतं?"

इंदुताईंना हसू आलं. आठ दिवसांचा मुक्काम आणि या बाईला नळाची चिंता! पण मास्तरीणबाईंची खोड अशी, की कुणी काही विचारलं की उत्तर पूर्ण द्यायचं, फळ्यावर लिहून दिल्यासारखं. का विचारलं, हे विचारायची सवयच नव्हती. वर्गात कुठली पोर उगाच प्रश्न विचारते? त्यांनी सांगितलं, पहाटे पाच ते साडेसहा. शेवटची पंधरा मिनिटं धार बारीक होते, म्हणून पिण्याचं आधी भरायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतात तर पद्मावती पदर खोचून नळापाशी उभी, आणि तिनं दोन घागरी भरूनसुद्धा ठेवलेल्या.

दुपारी दुसरा धक्का. इंदुताई न्हाणीतून बाहेर आल्या तर पद्मावती पुढच्या खोलीतली खिडकी वितींनी मोजत होती. उंची पाच वीत, रुंदी साडेतीन.

"पडदा इथं किती लागंल ते बघायलेय," ती निर्मळपणे म्हणाली. "कापड नांदेडात स्वस्त मिळतं."

आपल्या खिडकीला पडदा नाही हे इंदुताईंना आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. कान तापले. निजण्यापूर्वी त्यांनी नवऱ्याजवळ तक्रार केली. "अहो, पाहुण्या बाईनं यजमानिणीच्या खिडक्या मोजायच्या असतात का?"

"नांदेडची माणसं मोकळी असतात," मुकुंदराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मनावर घेऊ नकोस. जे विचारतील ते सांग म्हणजे झालं."

मुकुंदरावांचंही काहीतरी बिनसलं होतं. दोस्त घरी असताना हा माणूस कचेरीतून उशिरा येई. दोघी बायका स्वयंपाकघरात बोलत बसल्या की बाहेरून हाक यायची, "इंदू, चहा टाक." दिवसातून सहा वेळा चहा. इंदुताईंनी मनाशी म्हटलं, राज्य मोडायची धांदल आहे कचेरीत, डोकं ताळ्यावर नसेल बिचाऱ्याचं.

मग पुढचे दिवस त्यांनी पद्मावतीला हवं ते दाखवलं. खरं सांगायचं तर त्यांना गंमत वाटू लागली होती. चारमिनार कुणीही दाखवील, पण ज्वारी दळायला कुठली गिरणी, तिथं सकाळी का जायचं आणि दुपारी का नाही, मोझमजाही मार्केटात कुठला फळवाला पिकलेलं वर ठेवून सडकं खाली घालतो, ताप आला तर कुठला डॉक्टर, आणि तो कंपाउंडरशी भांडला असेल त्या दिवशी का जायचं नाही, हे फक्त जामबागेतलं माणूस सांगणार. फुलबाजारातल्या माळणीनं पद्मावतीला विचारलं, "कहाँ से आए अम्मा?" तर पद्मावती म्हणाली, "अब इधरीच के." इंदुताई कौतुकानं हसल्या. किती लवकर रुळते बाई, असं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी पद्मावतीला शाळा पाहायची होती. सुट्टीमुळे कुणी नव्हतं. शिपायाकडून किल्ली घेऊन इंदुताईंनी वर्ग दाखवले, नकाशे दाखवले, आणि शेवटी मुख्याध्यापिकेच्या खोलीत नेऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "जूनपासून ही माझी," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच लाजल्या.

पद्मावतीचे टपोरे डोळे एकदम पाण्यानं भरले. तिनं इंदुताईंचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. दुसऱ्याच्या बढतीनं डोळे भरून येणारी बाई इंदुताईंनी पहिल्यांदाच पाहिली. त्या दिवसापासून पद्मावती त्यांना मनापासून आवडू लागली.

पाचव्या दिवशी एकदाचा गोवळकोंडा झाला. वर चढून सगळे धापा टाकत बसले. खाली शहर पसरलं होतं. अप्पाराव घाम पुसत म्हणाले, "वहिनी, तुमची कमाल आहे बरं का. हे सगळं सोडायचं म्हणजे…"

"अप्पा, पाणी कुणापाशी आहे?" मुकुंदराव मध्येच ओरडले. इतक्या जोरात, की कठड्यावरची माकडं पळाली. पाणी त्यांच्याच हातात होतं.

सहाव्या दिवशी सकाळी गवळीगुड्याचा उमाजी दूध घेऊन आला. बारा वर्षं तो या घरी रोज एक शेर दूध घालत होता. माप ओतून झालं तरी तो उंबऱ्याशीच घोटाळला.

"मास्तरीणबाई, मग पहिलीपासून दीड शेर करू ना?"

"दीड शेर कशाला रे?"

"नव्या बाईंनी सांगितलं की. त्यांची तीन लेकरं हैत म्हणे. पहिलीला तुम्ही जायलात, त्या यायल्यात." उमाजीचा आवाज जड झाला. "बारा वर्षं झाली बाई. तुम्ही तरी एक बोल सांगायचा होता आम्हांला. गवळी झाला म्हणून काय झालं?"

इंदुताईंच्या हातात दुधाचं पातेलं होतं. ते पडलं नाही. त्यांनी ते नीट जाळीच्या कपाटात ठेवलं, कडी लावली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दूध न तापवताच ठेवलं. उमाजी बिचारा उत्तराची वाट पाहून निघून गेला.

पद्मावती चुलीपाशी भाकरी थापत होती. इंदुताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, पहिलीला या घरात कोण राहायला येणार आहे?"

"आम्हीच की," पद्मावती म्हणाली. मग तिनं वर पाहिलं आणि तिचे हात परातीतच थांबले. "असं का विचारायलात?"

"आणि आम्ही कुठं जाणार?"

"नांदेडला. तिथल्या कचेरीत यांच्या जागी भाऊजी, आन इथं भाऊजींच्या जागी हे. अदलाबदल मंजूर होऊन महिना झाला की." पद्मावती उठून उभी राहिली. चेहरा पिठासारखा पांढरा. "इंदुताई… तुम्हांला ठाऊक नाही?"

तव्यावरची भाकरी करपली. दोघींपैकी कुणी ती उलटली नाही.

"भाऊजी म्हणाले, इंदू सगळं दाखवील, तिला विचारा," पद्मावती बोलत होती. "मी रोज रात्री यांना म्हणायची, केवढं मोठं मन या बाईचं! आपलं घर, आपली शाळा, आपला गवळी, सगळं आपल्या हातानं मला द्यायली. शाळेत त्या खुर्चीपाशी तर मला वाटलं, मरताना माणूस दाखवतं तसं दाखवायलात. मी पापीण, खिडक्या मोजत बसले!" आणि ती तिथंच मटकन बसून रडू लागली.

इंदुताईंना रडू येत नव्हतं. त्यांना फक्त एक एक गोष्ट परत दिसत होती. नळाची धार. गिरणी. डॉक्टर. पाच दिवस त्या आपलं आयुष्य खोली खोलीनं उघडून दाखवत होत्या, तेही कौतुकानं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पारावांना, पद्मावतीला, शेवटी गवळ्यालासुद्धा. ठाऊक नव्हतं ते एकट्या इंदूला. दुःखाआधी त्यांना शरम वाटली, आणि शरमेपेक्षाही आश्चर्य. अठरा वर्षं ज्या माणसाला ताट वाढलं तो कोण होता?

संध्याकाळी मुकुंदराव आले. अप्पाराव बायकोच्या डोळ्यांकडे पाहून काय ते समजले आणि तिला घेऊन फिरायला म्हणून बाहेर पडले. इंदुताईंनी दार लोटलं.

"उमाजीनं सांगितलं," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी टोपी काढली, परत घातली, परत काढली. "मी सांगणारच होतो."

"कधी? टांग्यात बसल्यावर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीत."

ते खाली बसले. मग जे बोलले ते इंदुताईंनी कधी ऐकलं नव्हतं. "अठरा वर्षं मी तुझ्या बापाच्या घरात राहतोय इंदू. त्यांच्या खुंटीला टोपी लावतो. पावती त्यांच्या नावाची. गल्लीत मला माझं नाव नाही. उद्या कचेरीतही सगळं परकं होणार. तिकडं माझं गाव आहे, आई आहे, शेत आहे. तिकडं मी मुकुंदराव आहे. मला एकदा माझ्या नावाच्या घरात राहायचंय. यात काय चुकलं माझं?"

"यात काहीच चुकलं नाही," इंदुताई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच तसं वाटलं. हेच तर भयंकर होतं. "हे मला सांगितलं असतंत तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित आलेही असते. तुम्ही मला विचारलं नाहीत, यजमान. तुम्ही मला सामानात धरलंत."

"आता कागद बदलत नाही," मुकुंदराव म्हणाले. "तिकडंही शाळा आहेत. एकदा गेलीस की रमशील."

इंदुताई काही बोलल्या नाहीत. बायको गप्प बसली की ती कबूल झाली, असा पुष्कळ नवऱ्यांचा समज असतो. मुकुंदरावांचाही होता. त्या दिवशी ते बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले, शांत झोपले, आणि त्यांना घोरताना ऐकून इंदुताईंना हसावं की त्यांच्या अंगावर तांब्या ओतावा हे कळेना.

सातव्या दिवशी त्यांनी दोन कामं केली. पहिलं, मागच्या घरात राहणाऱ्या मालकीणबाईंकडे, चतुराबाईंकडे गेल्या. चतुराबाई सत्तरीच्या, आणि बातम्या त्यांच्यापाशी सहसा आधी पोचत. ही मात्र पोचली नव्हती. मुकुंदराव त्यांना महिनाअखेर सांगणार होते.

"घर सोडतेस?" चतुराबाईंनी डोळे विस्फारले.

"नाही. पुढच्या महिन्यापासून पावती माझ्या नावानं फाडा, एवढंच सांगायला आले."

चतुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. या बाईला त्यांनी पाळण्यात पाहिलं होतं. जास्त काही विचारलं नाही. "पूर्ण नाव लिहून दे, बघून उतरवीन. मला तुमची मराठी अक्षरं जुळवता येत नाहीत," इतकंच म्हणाल्या.

दुसरं काम म्हणजे पाहुणचाराचा शेवटचा दिवस. इंदुताईंनी पद्मावतीला रिक्षात घातलं आणि अंबरपेठेत नेलं. तिथं शाळेतल्या एका शिपाईणबाईच्या ओळखीनं तीन खोल्यांचं घर रिकामं होतं. मागे पारिजातक, अंगणात विहीर, बाजार दोन मिनिटांवर. पद्मावती दारातच थबकली.

"हे कुणाला दाखवायलात?"

"तुम्हांला. तीन लेकरं आहेत तुमची, जामबागेत कुठं मावणार? खिडक्या मोजून घ्या."

"मग तुमचं घर?"

"ते माझं आहे वहिनी. मी कुठं जातेय?"

पद्मावतीनं तोंडावर हात ठेवला. "आन भाऊजी?"

इंदुताई विहिरीत वाकून पाणी किती खोल आहे ते पाहू लागल्या. पद्मावतीला उत्तर कळलं. त्या काळी बायका नवऱ्यामागून जात. न जाणाऱ्या बाईचं काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं, कारण तशी बाई तिनं पाहिलीच नव्हती. परत येताना रिक्षात ती इंदुताईंना बिलगून बसली. पण नवऱ्याला ती एका शब्दानं बोलली नाही. फक्त जामबागेतलं घर आपल्याला लहान पडेल एवढं तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघाले. काचीगुड्याहून गाडी नऊची. रिक्षा दाराशी आली, ट्रंक चढली. मुकुंदराव दोस्ताला पोचवायला स्टेशनवर जाणार होते, म्हणून सदरा घालून तयार होते. मजेतही होते. इंदुताईंनी पद्मावतीची खणानारळानं ओटी भरली. मग दह्याची वाटी आणली, कारण प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घातल्याशिवाय या घरातून कुणी बाहेर पडलेलं नव्हतं.

पद्मावतीनं हात पुढे केला. चमचाभर दही. अप्पारावांनी हात पुढे केला. चमचाभर दही. त्यांनी ते खाऊन तळवा चाटला आणि नमस्कार केला.

इंदुताईंनी मुकुंदरावांचा उजवा हात धरला, उताणा केला आणि त्याच्यावरही चमचाभर दही घातलं.

मुकुंदराव हसले. "अगं, मला कशाला? मी स्टेशनवरून परत येतोय की. आपल्याला निघायला अजून पंधरा दिवस आहेत."

"तुम्हांला आहेत," इंदुताई म्हणाल्या. "त्या दिवशी मला शाळा असेल. दही घालायला घरी कुणी नसेल. म्हणून आजच."

मुकुंदराव हसतच राहिले, पण ते हसू चेहऱ्यावर नुसतं राहून गेलं होतं. त्यांनी अप्पारावांकडे पाहिलं. अप्पारावांचं तोंड उघडं पडलं होतं. पद्मावतीकडे पाहिलं. ती ओटीतल्या नारळाकडे पाहत होती. बायको येणार की नाही हा प्रश्न कागद भरल्यापासून त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यावरून उमाजी आला. त्याला त्या दिवशी उशीर झाला होता. गर्दी पाहून तो बाजूला उभा राहिला आणि माप हातात घेऊन हळूच म्हणाला, "मास्तरीणबाई, मग पहिलीपासून कसं करायचं? दीडच ना?"

"त्यांचं दीड शेर अंबरपेठेला पोचव, पत्ता देते," इंदुताई म्हणाल्या. "आणि इथं अर्धा शेर. माझ्या एकटीपुरता."

उमाजीनं मुकुंदरावांकडे पाहिलं. मुकुंदरावांचा हात तसाच पुढे होता. दही बोटांच्या फटीतून मनगटावर ओघळत होतं, आणि ते खावं की झटकावं हे त्यांना समजत नव्हतं.